विषाद व चित्तोद्वेग : आहार-व्यायामाची मात्रा

‘भूक नाही, झोप नाही, अंगात त्राण नाही’ अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. वैद्य अग्निमांद्य समजून दीपन-पाचन देतो, औषधविक्रेता एखादे बल्य औषध सुचवितो. अशाच एका रुग्णास आम्ही दोन महिने पाचक चूर्णे दिली. ‘मन कशात रमते का?’ हे मात्र फार उशिरा विचारले, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. ती चूक इतरांकडून होऊ नये, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मन व अग्नी यांचे नाते आपल्या शास्त्रास नवे नाही. चिंता, शोक, भय व क्रोध यांमुळे मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितले आहे. उलट दिशेने, आहार-व्यायामाचा मनावर होणारा परिणाम आधुनिक अभ्यासांतही दिसतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या 1999 च्या अभ्यासात 50 वर्षे व त्यावरील 156 विषादग्रस्तांची पाहणी झाली. 16 आठवड्यांअखेर व्यायाम करणाऱ्यांना सर्ट्रालीन घेणाऱ्यांइतकाच उतार पडला. आरंभी मात्र औषधाचा गुण लवकर आला. ऑस्ट्रेलियातील 67 रुग्णांच्या 2017 च्या अभ्यासात 12 आठवडे भाज्या, फळे, कडधान्ये व मासे यांवर भर देणारे आहारमार्गदर्शन मिळालेल्यांपैकी सुमारे 32 टक्के रुग्ण विषादमुक्त झाले. केवळ संवादाची सोबत मिळालेल्यांत हे प्रमाण 8 टक्के होते. अभ्यास लहान होता व बहुतेकांचे पूर्वीचे उपचार चालूच होते, हे ध्यानी ठेवावे.

विषादात इच्छाच मावळते. म्हणून ‘व्यायाम करा’ एवढे सांगणे व्यर्थ ठरते. औषधाप्रमाणेच मात्रा व काल लिहून द्यावा. सकाळी कोवळ्या उन्हात घरच्या माणसासह 10 मिनिटे चालणे, दर आठवड्यास 5 मिनिटांची वाढ, मर्यादा अर्धशक्तीची. भोजनाची वेळ ठरलेली असावी. भाकरी, मुगाचे वरण, पालेभाजी, ताक असा साधा, ताजा आहार असावा. चित्तोद्वेग व निद्रानाश असल्यास दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. मद्य वर्ज्य. भूक मंदावून कृश झालेल्या रुग्णास सरसकट लंघन सांगू नये.

पथ्य हे उपचाराचे साहाय्यक आहे, पर्याय नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांचे चालू औषध आपल्या शब्दावर रुग्णाने अकस्मात थांबवू नये. जीव नकोसा होतो का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. होकार आल्यास रुग्णास एकटे न सोडता, आप्तांना बोलावून तत्काळ तज्ज्ञांकडे न्यावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व औषधी दुकानात दर्शनी लावावा.

आमचा तो रुग्ण तज्ज्ञांचे औषध व सकाळचे चालणे यांच्या जोडीने सावरला. चूर्णांची गरज त्यास उरली नाही.