सावध माशासाठी काठीची निवड

तेरजवळील तेरणा जलाशयासारख्या संथ पाण्यात मोठा मासा सहजासहजी गळाला लागत नाही. अंगावरील पार्श्वरेषेने तो पाण्यातील सूक्ष्म कंपनेही ओळखतो. जड गळ आदळताच खोल पाण्यात निघून जातो. कृत्रिम माशीच्या गळात वजन गळाला नसून दोरीला असते. लवचीक काठी ही दोरी पुढे फेकते आणि टोकाच्या सुमारे ३ मीटर बारीक तंगुसामुळे माशी पाण्यावर अलगद उतरते.

काठीचा क्रमांक तिला पेलणाऱ्या दोरीचे वजन दर्शवितो. ४ क्रमांकाची काठी हळुवार खरी. परंतु तिने मोठ्या माशाची झुंज लांबते. उन्हाळ्यात पाण्यातील प्राणवायू कमी असल्याने असा दमलेला मासा सोडूनही दगावण्याचा संभव असतो. म्हणून शेंड्याला मऊ, बुंध्याला भक्कम अशी ६ किंवा ७ क्रमांकाची, सुमारे ९ फुटी काठी निवडावी.

आज या काठ्या कार्बन तंतूंच्या असतात. एकोणिसाव्या शतकात मात्र त्या ‘कलकत्ता’ बांबूच्या कामट्या जोडून बनविल्या जात. हा बांबू म्हणजे आपला मानवेलच, असे मानले जाते.

जलाशय मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असल्यास प्रथम तिची परवानगी घ्यावी. मासा तिच्या सभासदांची उपजीविका आहे, हे विसरून चालणार नाही.