चहा कोणता आणि केव्हा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. साधारण पस्तिशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. जिना चढताना धाप लागते, पाय ओढतात, काही करावेसे वाटत नाही, अशा तक्रारी. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.२. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन महिन्यांनी पुन्हा तपासले, तर ८.४! गोळ्या चुकवता की काय, असे मी जरा रागानेच विचारले.

"नाही हो डॉक्टर, एक दिवस चुकवली नाही. रोज सकाळी चहाबरोबर घेते. नुसत्या पाण्यानं मळमळतं."

चूक माझी होती. गोळी कशाबरोबर घ्यायची नाही, हे मी सांगितलेच नव्हते. म्हणून आज चहाविषयी.

काळा, हिरवा, पांढरा असे चहा बाजारात दिसत असले तरी त्यांची झाडे वेगवेगळी नाहीत. झाड एकच, फरक करणीचा. मळ्यात शेंड्याची दोन पाने आणि एक कळी खुडतात. ती बारा ते अठरा तास वाऱ्यावर पसरून मऊ पडू देतात. मग चुरडतात. चिरलेले सफरचंद हवेत जसे तांबूस पडते, तसे चुरडलेले पान तांबूस होते आणि चहाला रंग-चव येते. शेवटी गरम हवेने वाळवले की झाला काळा चहा. दार्जिलिंगकडे पान हलक्या हाताने वळतात. तो चहा बिनदुधाचाच चांगला लागतो. आपल्या डब्यातली दाणेदार पावडर मात्र 'सीटीसी' पद्धतीची. दातेरी रुळांतून पान फाडून, चिरडून त्याचे दाणे करायचे, ही युक्ती १९३० च्या सुमारास आसामात निघाली. रंग कडक आणि कप स्वस्त पडतो, त्यामुळे दूध-साखरेच्या चहाला हीच पावडर सोयीची.

हिरव्या चहाचे पान तांबूस पडण्याआधीच तापवतात, चीनमध्ये कढईत आणि जपानात वाफेवर. काश्मिरी कहवा याचाच. ऊलाँग या दोहोंच्या मधला. पांढरा म्हणजे कोवळ्या कळ्या नुसत्या सुकवलेल्या. गवती चहा मात्र नावापुरताच चहा, ते गवत आहे. पण आपण तो पावडरीबरोबरच उकळतो, तेव्हा चहा तो चहाच राहतो.

आता मुद्द्याचे. चहाच्या तुरटपणामागे टॅनिनसारखे जे घटक असतात, ते धान्य, पालेभाजी आणि गोळी यांतल्या लोहाला आतड्यातच धरून ठेवतात. लोह रक्तात न जाता बाहेर पडते. दूध घातल्याने हा दोष जात नाही. "मी ग्रीन टी घेते, तो चालेल ना?" असे हल्ली अनेकजणी विचारतात. नाही, लोहाच्या बाबतीत तोही त्याच माळेचा मणी.

आपली सवय पाहा. पोह्यांवर लिंबू पिळतो ते उत्तम. लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वाने लोह चांगले शोषले जाते. आणि लगेच वर कपभर चहा! चहा-पोळीचेही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या सुमारे ५४ स्त्रियांना रक्ताची कमतरता आढळली. सगळा दोष चहाचा नव्हे. अपुरा आहार, पाळीत जास्त रक्तस्राव, जंत ही कारणे आहेतच. पण ज्यांचे रक्त आधीच कमी आहे, त्यांनी आणि गर्भवतींनी जेवण वा गोळी आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवावे.

चहा करण्याचीही रीत आहे. पाण्याला उकळी आली की पावडर टाकावी, दोन-तीन मिनिटांत गाळावा. सकाळचा चोथा दुपारी पुन्हा उकळू नये. तुरटपणा तेवढा उतरतो. अतिशय कढत पिणे टाळावे, अन्ननलिकेला ते बाधते. साखरेचा हिशेब तर कोणी करतच नाही. दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर नुसत्या चहातून! पावडर सुटी घेत असाल तर ओल्या टिपकागदावर चिमूटभर पसरून पाहा. लगेच रंगाचे ओघळ उठले तर भेसळीचा संशय घ्यावा.

त्या बाईंना मी गोळी रात्री, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितली. मळमळ कमी झाली. पुढच्या दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.९ भरले. सकाळचा चहा त्यांनी सोडला नाही. मीही तो सोडा म्हटले नव्हते.