झरमॅट: उताराचा रंग पाहून घसरा

स्कीइंग हे पट्टीच्या खेळाडूंचंच काम, असं वाटत असेल तर स्वित्झर्लंडमधलं झरमॅट पाहावं. ४,४७८ मीटर उंच मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी, सुमारे १,६०० मीटरवर हे गाव आहे. पर्यटक आपली मोटार खाली टेश गावात ठेवून रेल्वेने वर येतात. इथले उतार रंगांवरून ओळखायचे: निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. नवख्यांसाठी सुनेग्गाला सौम्य उतार आहे. स्कीची पुढची टोकं जवळ आणून मागची फाकवली की वेग आवरतो. पहिला धडा हाच. सरावलेले लोक केबल कारने ३,८८३ मीटरपर्यंत चढतात आणि घसरत थेट इटलीतल्या चेर्विनियात उतरतात. ज्यांना घसरायचंच नाही, त्यांच्यासाठी १८९८ पासून धावणारी गोर्नरग्राटची दातेरी रेल्वे आहेच.