वर्णतापमान व श्वेतसंतुलन, क्षणदीप छायाचित्रणातील

प्रकाशाच्या उद्‌गमाचा रंग संख्येने सांगण्याचे माप म्हणजे वर्णतापमान. त्या रंगाची छटा चित्रातून काढून टाकून पांढरी वस्तू पांढरी व करडी वस्तू करडी उमटेल अशी योजना करणे म्हणजे श्वेतसंतुलन होय. क्षणदीप म्हणजे व्यवहारातील ‘फ्लॅश’. छायाचित्रगृहात त्याचा वापर सुरू झाल्यावर या दोन्ही गोष्टी सोप्या होतील अशी अपेक्षा होती. काही अंशी ती खरीही ठरली.

आदर्श कृष्ण पदार्थ तापवीत नेला, तर तो प्रथम तांबडा, मग पिवळसर, पुढे पांढरा व अखेरीस निळसर प्रकाश देतो. एखाद्या उद्‌गमाच्या प्रकाशाचा रंग ज्या निरपेक्ष तापमानाच्या कृष्ण पदार्थाशी जुळतो, ते त्या उद्‌गमाचे वर्णतापमान असून ते केल्विनमध्ये (के.) देतात. मेणबत्तीचे वर्णतापमान सु. १,९०० के., घरगुती तापदीप्त दिव्याचे २,७०० ते २,९०० के., छायाचित्रणासाठी बनविलेल्या टंगस्टन दिव्याचे ३,२०० के. व माध्यान्हीच्या सूर्यप्रकाशाचे सु. ५,५०० के. असते. ढगाळ आकाशाचा प्रकाश ६,५०० के.च्या वर जातो, तर निरभ्र दिवशी सावलीत केवळ निळ्या आकाशाचा प्रकाश पोहोचतो तेथे १०,००० के. किंवा त्याहूनही अधिक मूल्य आढळते. चित्रकार तांबूस छटेस ‘उष्ण’ व निळसर छटेस ‘शीत’ म्हणतात. भौतिकीत नेमके उलट असल्याने नवशिक्यांचा येथे हमखास गोंधळ होतो.

केल्विनमधील फरकावरून रंगातील फरकाची कल्पना येत नाही. ३,००० के.वर १०० के.चा बदल डोळ्यांस जाणवतो, १०,००० के.वर तो लक्षातही येत नाही. म्हणून १० लाखास केल्विनमधील मूल्याने भागून येणारे ‘मायरेड’ हे एकक वापरतात. पहिल्या उदाहरणात फरक सु. ११ मायरेड, दुसऱ्यात जेमतेम १ मायरेड येतो. ३,२०० व ५,५०० के. यांतील अंतर सु. १३१ मायरेड आहे. टंगस्टन दिव्यांच्या प्रकाशात दिनप्रकाशाची फिल्म वापरताना भिंगावर लावावयाची निळी गाळणी याच अंतराची असते.

मानवी दृष्टीस यातील काहीच सहसा कळत नाही. दिव्याखाली वाचताना कागद पांढराच दिसतो, कारण दृष्टिसंस्था प्रकाशाच्या छटेशी जुळवून घेते. फिल्मला हे साधत नसे. त्यामुळे ती दिनप्रकाशासाठी व टंगस्टन प्रकाशासाठी अशी निरनिराळी बनवावी लागे. अंकीय कॅमेऱ्यात संवेदकाच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या संकेतांचे प्रवर्धन कमीअधिक करून तोच परिणाम साधतात.

अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० नंतरच्या दशकात विद्युत् विसर्जनावर चालणारा क्षणदीप विकसित केला. त्यात धारित्रात साठविलेली विद्युत् ऊर्जा झेनॉन वायूने भरलेल्या नळीतून क्षणार्धात सोडली जाते. झेनॉनच्या विसर्जनाचा वर्णपट दिनप्रकाशाशी बराच मिळताजुळता, म्हणजे सु. ५,५०० ते ६,००० के.चा असतो. त्यात जंबुपार प्रारणही असते. नळीवर ते शोषणारा लेप नसेल, तर शुभ्रक चूर्ण घालून धुतलेले धोतर व टोपी चित्रात विचित्र निळी उमटतात. कपड्यांतील प्रकाशीय शुभ्रक हे प्रारण शोषून निळा प्रकाश देतात. येथे दोष कॅमेऱ्याचा नसतो, आणि श्वेतसंतुलन बदलून तो जातही नाही. टोपी सुधारली, तर चेहरा पिवळा पडतो.

धारित्रातील ऊर्जा विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १,००० मायक्रोफॅराडच्या धारित्रावर ४०० व्होल्ट दाब असता ८० जूल ऊर्जा साठते. दाब निम्मा केला, तर २० जूलच उरते. अनेक उपकरणांत प्रकाश कमी करण्यासाठी दाबच उतरवितात. त्यामुळे नळीतील प्रवाहाची घनता घटते, स्फुरण लांबते व रंग तांबडाकडे झुकतो. दुसऱ्या प्रकारच्या उपकरणांत अर्धसंवाहक स्विचने प्रवाह मध्येच तोडतात. स्फुरणाचा शेवटचा भाग तांबूस असतो, तोच कापला गेल्याने कमी शक्तीवर प्रकाश उलट निळसर होतो. हा फरक काहीशे केल्विनचा असू शकतो. म्हणून एक दिवा पूर्ण शक्तीवर व दुसरा अष्टमांशावर ठेवला, तर चेहऱ्याचे दोन गाल दोन रंगांचे येण्याची शक्यता असते, व एकाच संतुलनाने दोन्ही सुधारता येत नाहीत. त्यापेक्षा दिवा मागे सरकवून प्रकाश कमी करणे श्रेयस्कर, कारण अंतराने रंग बदलत नाही.

नांदेड जिल्ह्यातील बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी या प्रश्नात वीजपुरवठ्याची भर पडते. २३० व्होल्टचा दाब उतरला की धारित्र भरण्यास वेळ लागतो. काही जुन्या उपकरणांचा सूचक दिवा पूर्ण दाब येण्यापूर्वीच लागे. त्यावर विसंबून घाईने घेतलेले चित्र अंधुक व तांबूस अशा दोन्ही दोषांनी युक्त येई. सूचक दिवा लागल्यावरही काही सेकंद थांबणे हा त्यावरचा जुना व खात्रीचा उपाय आहे. छायाचित्रगृह लहान असल्यास भिंतींचा हिरवा वा निळा तैलरंग परावर्तित प्रकाशात मिसळतो. सॉफ्टबॉक्सचे कापड व छत्री जुनी होऊन पिवळी पडली, तर त्यांतून येणारा प्रकाशही पिवळा असतो. भिंती करड्या वा पांढऱ्या ठेवण्यास खर्च फारसा नाही, तरी हा उपाय क्वचितच योजिला जातो. रचना पाहण्यासाठी लावलेला टंगस्टन दिवा १/१२५ सेकंदाच्या उद्‌भासनात नगण्य ठरतो, पण झडप १/१५ सेकंद उघडी राहिली की त्याची पिवळी छटा सावल्यांत शिरते. क्षणदीपाचे स्फुरण सर्वसाधारणपणे सेकंदाच्या काहीशेव्या ते हजाराव्या भागात आटोपत असल्याने झडपेच्या वेगाचा त्यावर परिणाम होत नाही.

श्वेतसंतुलनाच्या पद्धतींपैकी स्वयंचलित पद्धत छायाचित्रगृहात सर्वांत कमी भरवशाची आहे. ती दृश्यातील रंगांच्या सरासरीवरून प्रकाशाचा अंदाज बांधते. हळदीच्या समारंभात चौकटीचा बहुतांश भाग पिवळा असतो. यंत्र तो प्रकाशाचा दोष मानून निळी छटा वाढविते, आणि हळद फिकी व कुंकू जांभळट होते. दिव्यांची मांडणी पूर्ण झाल्यावर १८ टक्के परावर्तनाचा करडा पत्रक चेहऱ्याच्या जागी धरून त्यावरून संतुलन ठरविणे व दिवे बदलेपर्यंत ते न हलविणे, हीच पद्धत योग्य होय. १९७६ साली प्रसिद्ध झालेला २४ रंगांचा मॅकबेथ पट सोबत घेतल्यास इतर रंगांचीही तपासणी होते. संवेदकाची असंस्कारित माहिती जतन केली, तर संतुलन मागाहूनही करता येते. मात्र मिसळलेले प्रकाश त्यानेही वेगळे होत नाहीत.

संतुलनाने प्रकाशाचा रंग काढावयाचा असतो, वस्तूचा नव्हे. हा भेद छायाचित्रणाच्या इतिहासात अनेकदा विसरला गेला. कोडॅक कंपनीने रंगीत मुद्रणाच्या जुळणीसाठी पुरविलेल्या नमुना-चित्रांत दीर्घकाळ गौरवर्णीय स्त्रीच असे. १९९० नंतरच्या दशकात त्यांत इतर वर्णांच्या व्यक्ती आल्या. गौर त्वचेवर जुळविलेल्या मुद्रणात सावळा चेहरा राखेसारखा किंवा तांबूस येणे स्वाभाविक होते. विवाह जुळविण्यासाठी पाठवावयाच्या चित्रात मुलीचा वर्ण उजळ दिसावा, अशी मागणी आजही होते आणि निळसर संतुलन व अतिरिक्त उद्‌भासन यांनी ती पुरविलीही जाते. तसे करणे तांत्रिक दृष्ट्या सोपे आहे, पण त्या चित्रात ती मुलगी उरत नाही.

मराठवाड्यातच याचे दुसरे उदाहरण आहे. बिलोलीप्रमाणेच अजिंठाही पूर्वी हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरील चार भागांचा ग्रंथ १९३०–५५ या काळात प्रसिद्ध केला. त्यातील प्रतिकृती ई. एल्. व्हॅसी यांच्या छायाचित्रणावर आधारलेल्या आहेत. त्यापूर्वी १९२०–२२ मध्ये चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ञांनी चित्रांवर लाखेचे रोगण चढविले होते. ते कालांतराने पिवळे पडले, व पुढे ते काढण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागास हाती घ्यावे लागले. अशा भिंतीवर चित्रातीलच पांढऱ्या फुलावरून संतुलन ठरविले, तर दिव्याच्या रंगाबरोबर रोगणाचा पिवळेपणाही नाहीसा होतो व भिंतीची खरी अवस्था झाकली जाते. करडा पत्रक भिंतीलगत धरून घेतलेल्या चित्रात तो पिवळेपणा जसाच्या तसा टिकतो, आणि जतन करणाऱ्यास हवा असतो तो नेमका तोच. या गुंफांत पर्यटकांस क्षणदीप वापरण्याची मनाई आहे.