रोबोटिक शस्त्रक्रिया आणि विवेक

पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी ‘रोबोट’ सुचविला, की फुलसावंगीसारख्या गावातील कुटुंबाला वाटते, आता यंत्रच पोट कापणार! वस्तुतः यंत्र स्वतः काहीच करीत नाही. शल्यचिकित्सक पडद्यावर पोटातील दृश्य पाहत हात हलवितो. लहान छिद्रांतून आत गेलेली अवजारे, हाताचा कंप वगळून, तीच हालचाल सूक्ष्मपणे करतात. ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील महिलेचे पित्ताशय असेच काढले. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये हे तंत्र कर्करोगासाठी वापरतात; पित्ताशयातील खड्यांसाठी मात्र दुर्बिणीची नेहमीची शस्त्रक्रिया बहुधा पुरते. म्हणून कर्ज काढण्यापूर्वी नम्रपणे विचारावे : रोबोटमुळे आमच्या रुग्णाचा नेमका लाभ कोणता? आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? धर्माने शिकविलेला विवेक येथेही उपयोगी पडतो.