तळाच्या चार ओळी

१९७३ साली ‘जंजीर’ प्रदर्शित झाला तेव्हा मुंबईभर लागलेल्या पोस्टरांवर लेखकांचे नाव नव्हते. सलीम खान आणि जावेद अख्तर यांनी एक रंगारी गाठला आणि भिंतीभिंतींवरच्या पोस्टरांवर आपली नावे रंगवून घेतली. छापून, चिकटवून झालेल्या पोस्टरवर मागाहून श्रेय चढवण्याचा याहून धीट प्रकार आपल्या चित्रसृष्टीत दुसरा नसावा. पुढे या जोडीचे नाव पोस्टरवर दिमाखात झळकू लागले आणि पटकथालेखक नावाचा कुणी माणूस असतो हे सामान्य प्रेक्षकाला कळले.

आज लघुपट करणाऱ्या मुलामुलींना रंगारी शोधावा लागत नाही. फोनवर काढलेला एखादा देखणा फोटो, त्यावर गडद छटा, मधोमध शीर्षक, एवढे संगणकावर एका संध्याकाळी होते. अडते ते तळाशी. ‘खऱ्या सिनेमासारखे’ दिसावे म्हणून कुठल्यातरी परदेशी चित्रपटाच्या नावांचा पट्टा उचलून चिकटवला जातो, नाहीतर निरर्थक अक्षरांची चिंचोळी रांग टाकली जाते. चार पावलांवरून ते खपून जाते, जवळ गेले की नाही. या पट्ट्याला इंग्रजी चित्रसृष्टीत ‘बिलिंग ब्लॉक’ म्हणतात. आपण श्रेयपट्टी म्हणू. ती खरी दिसायला हवी असेल तर ती अशी का दिसते हे आधी ठाऊक हवे, कारण तिच्यातली बहुतेक प्रत्येक गोष्ट कुणीतरी भांडून मिळवलेली आहे.

सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात ती उंच, बारीक, एकमेकांना खेटून उभी अक्षरे. ती शोभेसाठी तशी नाहीत. हॉलिवूडमध्ये कलाकारांच्या आणि तंत्रज्ञांच्या करारांत त्यांच्या नावाचा आकार शीर्षकाच्या अक्षरांच्या अमुक टक्के असावा असे लिहिलेले असते. हे प्रमाण बहुधा १५ ते ३५ टक्क्यांच्या आसपास असते. मोजली जाते ती अक्षराची उंची. रुंदीवर कुणाचे बंधन नाही. मग निर्मात्यांच्या जाहिरात विभागाने साधा उपाय काढला. उंची कराराप्रमाणे ठेवायची आणि अक्षर आडवे दाबता येईल तितके दाबायचे. पंधरा-वीस नावे अशी तळाशी मावतात आणि चित्रही मोकळे राहते. आद्रियान फ्रुटिगर यांनी घडवलेल्या ‘युनिव्हर्स’ या प्रसिद्ध अक्षरकुळातला सर्वांत अरुंद वळणाचा टंक, क्रमांक ३९, या कामासाठी वर्षानुवर्षे वापरला जातो.

चाणाक्ष वाचकाला आणखी एक गोष्ट दिसेल. वर भलेमोठे शीर्षक असतानाही पट्टीत ते पुन्हा साध्या अक्षरांत येते. तेही उगाच नाही. अनेक करारांत टक्केवारी या साध्या शीर्षकावरून धरतात, चित्रासारख्या सजवलेल्या शीर्षकावरून नाही. घरच्या पोस्टरवर हे दुसरे शीर्षक हटकून राहून जाते आणि तिथेच जाणकार नजर अडखळते.

क्रमाचेही तसेच. लग्नपत्रिकेत कुणाचे नाव आधी यावरून घराघरांत जे होते, ते इथे वकिलांच्या साक्षीने होते. पहिल्यांदा प्रस्तुतकर्ती संस्था, मग निर्मितीसंस्था, मग प्रमुख कलाकार, त्यानंतर शीर्षक; पुढे पात्रनिवड, संगीत, वेशभूषा, संकलन, कला, छायालेखन, निर्माते, लेखक आणि सर्वांत शेवटी दिग्दर्शक. शेवटचे स्थान मानाचे आहे. कलाकारांच्या यादीतही शेवटचे नाव ‘आणि’ लावून वेगळे काढले की त्याचे वजन वाढते, म्हणून ज्येष्ठ नट ती जागा मागून घेतात. नायक पहिला येतोच असेही नाही: १९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्ये सुपरमॅन झालेला ख्रिस्तोफर रीव्ह तिसऱ्या क्रमांकावर आहे, त्याच्या आधी मार्लन ब्रँडो आणि जीन हॅकमन. १९७४ च्या ‘द टॉवरिंग इन्फर्नो’मध्ये स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन यांच्यापैकी पहिला कोण हा पेच पडला. तोड अशी निघाली की मॅक्वीनचे नाव डावीकडे पण खाली, न्यूमनचे उजवीकडे पण वर. डावीकडून वाचले तर एक पहिला, वरून वाचले तर दुसरा. हा तोडगा मला पोस्टरकलेतला अत्यंत सुंदर तोडगा वाटतो.

लेखकांची गोष्ट अधिक गंभीर आहे. अमेरिकन लेखकसंघाच्या नियमांप्रमाणे दोन नावांमध्ये ‘आणि’चे चिन्ह असेल तर त्या दोघांनी मिळून लिहिले, पूर्ण शब्द असेल तर एकाने लिहिलेले दुसऱ्याने वेगळे बसून पुन्हा लिहिले. आपल्याकडे सलीम-जावेद यांच्यामधली आडवी रेघ तेच काम करत होती. श्रेय काढून घेणे ही शिक्षा असते हेही हॉलिवूडच्या लेखकांनी सोसले. कम्युनिस्ट असल्याच्या ठपक्यावरून काळ्या यादीत गेलेल्या डाल्टन ट्रम्बो यांनी ‘रोमन हॉलिडे’ची कथा लिहिली, पण १९५३ साली पडद्यावर नाव आले ते त्यांचे मित्र इयन मॅकलेलन हंटर यांचे. ‘द ब्रेव्ह वन’च्या कथेला ऑस्कर मिळाले ते ‘रॉबर्ट रिच’ या टोपणनावाला. ‘रोमन हॉलिडे’चे श्रेय लेखकसंघाने ट्रम्बोंना परत दिले ते २०११ साली, त्यांच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी.

अमेरिकन दिग्दर्शकसंघाचा नियम एका चित्रपटाला एकच दिग्दर्शक असा. अपवादासाठी खास परवानगी लागते. कोएन बंधू वर्षानुवर्षे मिळून काम करत होते, तरी २००४ च्या ‘द लेडीकिलर्स’पर्यंत दिग्दर्शक म्हणून जोएलचेच नाव यायचे. ‘सिन सिटी’साठी फ्रँक मिलरचे नाव सहदिग्दर्शक म्हणून द्यायचेच, या हट्टापायी रॉबर्ट रॉड्रिग्जने संघ सोडला. याच कोएन बंधूंच्या श्रेयपट्टीत संकलक म्हणून ‘रॉडरिक जेन्स’ हे नाव दिसते. असा माणूसच नाही. संकलन ते दोघे स्वतःच करत. या नसलेल्या माणसाला ऑस्करचे नामांकन दोनदा मिळाले.

आता आपल्या पोस्टरकडे. घरच्या लघुपटात एकाच माणसाने पाच कामे केलेली असतात. तेच नाव पाच वेळा छापले की पट्टी पोकळ दिसते. ‘लेखन, संकलन आणि दिग्दर्शन’ असे एकत्र बांधून नाव एकदाच, शेवटी द्यावे. रॉड्रिग्जही आपली कामे अशीच एका ओळीत गुंफतो. ज्यांनी खरोखर काही केले त्यांचीच नावे घ्यावीत. ज्या मावशीने आपले स्वयंपाकघर दोन दिवस चित्रीकरणाला दिले, तिचे नाव खोट्या इंग्रजी नावांच्या रांगेपेक्षा पट्टीला जास्त खरेपणा देते. अमेरिकन छायालेखक आणि संकलक आपल्या नावापुढे संस्थेची आद्याक्षरे लावतात. ती सदस्यत्वाची खूण आहे, आपण उसनी घेऊ नये. सेन्सॉरची किंवा परदेशी वर्गीकरणाची चौकटही नको. त्या जागी स्वतःच्या गटाचे छोटे बोधचिन्ह आणि दाखवण्याची तारीख पुरते. आणि पोस्टर केवळ उत्सुकता वाढवण्यासाठी, महिनाभर आधीचे असेल, तर पट्टी टाकूच नये. मोठ्या चित्रपटांच्या पहिल्या पोस्टरांवरही ती सहसा नसते.

मापे सोपी आहेत. ए-३ कागदावर शीर्षकाचे अक्षर ३० मिलिमीटर उंच असेल तर १५ टक्क्यांनी नावे साडेचार मिलिमीटरची होतात. ‘संगीत’, ‘संकलन’ हे कामाचे शब्द त्याच्या निम्मे. नावांमध्ये स्वल्पविराम नसतो. कामाचे हे छोटे शब्दच एक नाव दुसऱ्यापासून वेगळे करतात. ओळी तीन किंवा चार, मध्यावर जुळवलेल्या, साधारण सारख्या लांबीच्या. रंग शुभ्र पांढरा न घेता चित्रातलाच एखादा फिकट रंग घ्यावा, म्हणजे पट्टी चित्रात मुरते.

मराठी चित्रपटांच्या पोस्टरांवरही ही पट्टी पुष्कळदा इंग्रजीत असते आणि मला ते खटकते. देवनागरीत ती करणे अवघड आहे हे खरे. रोमनमध्ये नावे मोठ्या लिपीत आणि कामे छोट्या लिपीत टाकून फरक दाखवता येतो. आपल्याकडे तशी दोन वळणे नाहीत. फरक आकाराने आणि जाडीनेच दाखवावा लागतो. शिवाय वर रफार-मात्रा, खाली उकार; ओळी रोमनइतक्या जवळ आणल्या की वरच्या ओळीचा ‘कु’ खालच्या ओळीच्या ‘र्वे’वर आदळतो. म्हणून ओळींमधले अंतर थोडे सैल ठेवावे आणि उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी. साध्या टंकाला संगणकावर आडवे दाबू नये. तसे केले की उभ्या रेघा काडीसारख्या होतात, शिरोरेषा मात्र जाड राहते आणि ‘ळ’, ‘ण’, ‘क्ष’ यांच्या गाठी बुजतात. मुळातच अरुंद घडवलेले टंक आता मोफत मिळतात: ‘खंड’, ‘टेको’, ‘प्रगती नॅरो’. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंकसंस्थेचा ‘अनेक देवनागरी’ तर गरजेप्रमाणे अरुंद-रुंद करता येतो. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरे फुटली किंवा वेलांटी भलतीकडे गेली तर मजकुराच्या मांडणीची सेटिंग भारतीय लिप्यांसाठी बदलावी. इंकस्केपमध्ये ही अडचण येत नाही.

छपाईला देण्याआधी पट्टीतल्या प्रत्येकाकडून त्याचे नाव त्याला हवे तसे लिहून घ्यावे. आईचे नाव मध्ये लावायचे की वडिलांचे, आडनाव हवे की नको, दोन आडनावे असतील तर त्यांत रेघ हवी का, ‘सुनिता’ की ‘सुनीता’, हे ज्याचे त्याने ठरवायचे. साडेचार मिलिमीटरच्या अक्षरांत चुकलेली वेलांटी इतर कुणाला दिसणार नाही, पण जिचे नाव आहे तिला पहिल्यांदा तीच दिसेल.