बांधावरून आणि शेतातून

कृषी अर्थशास्त्राच्या प्रबंधांत एक गणित हमखास भेटतं. पाच एकर काळी जमीन, हाती असेल तेवढं भांडवल, घरची माणसं आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याला सुटलंच तर पाणी. एवढ्यात कापूस किती, सोयाबीन किती, तूर किती म्हणजे पदरात जास्तीत जास्त पडेल? परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्याला हे घरचंच गणित वाटेल. संगणकाला आकडे दिले की उत्तर लगेच येतं. ते लगेच का येतं, हा मात्र वेगळा प्रश्न. ऑप्टिमायझेशनच्या सिद्धान्तात पीएचडी करणारे असल्याच प्रश्नांच्या मागे असतात.

जॉर्ज डँट्झिगने 1947 साली सिम्प्लेक्स पद्धत काढली. अटींनी आखलेल्या क्षेत्राच्या बांधावरून, एका कोपऱ्याहून दुसऱ्याकडे, नफा वाढेल तसं चालत राहायचं. 1972 साली, परभणीचं विद्यापीठ स्थापन झालं त्याच वर्षी, क्ली आणि मिंटी यांचा एक लेख छापून आला. त्यांनी रचलेल्या क्षेत्रात सिम्प्लेक्सला एकही कोपरा चुकवता येत नाही. चलं पन्नास असली तर हे कोपरे एकावर पंधरा शून्यांहून जास्त भरतात! 1979 मध्ये सोव्हिएत गणिती खाचियान यांनी या कचाट्यातून सुटणारी पद्धत दिली, पण व्यवहारात ती रखडायची.

मग आले नरेंद्र करमरकर. ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, 1978 साली आयआयटी मुंबईतून पदवी, 1983 मध्ये बर्कलीला रिचर्ड कार्प यांच्याकडे पीएचडी. पुढच्याच वर्षी, बेल लॅब्समध्ये असताना, त्यांनी बांध सोडून थेट शेतातून जाणारी रीत मांडली. ती कागदावर टिकली आणि यंत्रावरही चालली. बेल लॅब्सची मालक कंपनी एटी अँड टीने तिचं पेटंट घेतलं. गणिताच्या रीतीवर मालकी सांगणं मला आजही पटत नाही.

तरी सिम्प्लेक्स टिकून आहे. याचं कारण स्पीलमन आणि टेंग यांनी 2001 मध्ये दिलं: गणितातले आकडे यदृच्छेने किंचित हलवले, की सरासरी पावलं आवाक्यात येतात. शेतीचे आकडे तर कायमच हललेले.

मशीन लर्निंगमध्ये हाच ‘का’ जास्त अवघड होतो. तिथे रॉबिन्स आणि मन्रो यांनी 1951 मध्ये मांडलेल्या कल्पनेच्या वारसदार पद्धती वापरतात: अर्ध्यामुर्ध्या माहितीवर एकेक पाऊल टाकत उतारावरून तळ गाठायचा. प्रचंड मॉडेलं वाटेतल्या खड्ड्यांत अडकून का पडत नाहीत, याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही. शिवाय तिथली बरीच प्रमेयं धरून चालतात, की उद्याची माहिती कालच्यासारखीच असेल. मराठवाड्याचा पाऊस ही अट पाळत नाही.

अशा वेळी सरासरी पावसावर योजना न बेतता, शक्य त्या पावसांपैकी वाईटातल्या वाईटातही तगेल अशी योजना मागता येते. बदल्यात चांगल्या वर्षी थोडा नफा सोडावा लागतो. तो किती सोडावा, याचा हिशेब बर्टसिमास आणि सिम यांनी 2004 मध्ये मांडला. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी पेरणारा शेतकरीही असाच काही हिशेब करत असतो; त्याच्या ओळींचं प्रमाण त्या सूत्राशी ताडून पाहायला परभणीत विषयही आहे आणि शेतंही.